पगारातले २०० रुपये जातात कुठे?

आपल्या सरांच्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. कशासाठी, असं मी स्टाफरूममध्ये विचारलं तर "टॅक्स आहे बाबा, कापतात" एवढंच उत्तर!

हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला, तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, तलाव खोदायला सरकारी कामांवर गेली. ती सरकारची मेहेरबानी होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचं म्हणणं, काम मागणं हा हक्कच हवा. त्यातून १९७७ चा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. खेड्यातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. पैसा मुख्यतः पगारदारांचा, आणि तेवढीच भर सरकारची.

आता सिव्हिलवाल्यांनी जरा नीट वाचा. मजुरी मोजमापावर ठरायची, म्हणजे माती किती घनमीटर निघाली त्यावर. बाईला आणि पुरुषाला दर एकच. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण ज्या टेपशी खेळतो, ती तिथे चुकीची धरली की कुणाची तरी भाकरी कमी झाली! खोटे हजेरीपट, रखडलेली मजुरी या तक्रारीही पुष्कळ झाल्या. तरी २००५ चा केंद्राचा कायदा करताना महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता. फरक एवढाच, केंद्राने कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. आपल्या कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती.