मातीवरचे आरोप

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरातली घरं कोसळली आणि मराठवाड्यानं धसका घेतला, दगडमातीचं घर म्हणजे मरण. प्रत्यक्षात घात केला तो बांधणीनं. भिंती दोन-तीन फूट जाड, पण आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा, मधे नुसती भर. दोघांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर धाब्यावर वर्षानुवर्षं चढवत नेलेली माती. हादऱ्यात भिंती फुगल्या, उकलल्या. कच्छमधले बरेचसे ‘भुंगे’, म्हणजे तिथली पारंपरिक घरं, मात्र 2001च्या भूकंपात उभे राहिले. तेही मातीचेच, पण गोल आणि माथ्यावर हलकं गवत.

पावसात माती वाहून जाते, हेही नेहमीचंच. उघडी ठेवली तर जाणारच! म्हणून तर उंच जोतं, पुढे काढलेलं छप्पर आणि पडवी. पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या पाहिजेत.

सगळ्यात गोड, म्हणून सगळ्यात फसवा समज तिसरा: जुनी घरं सगळ्यांना सामावून घ्यायची. वाड्याचा उंच उंबरठा, वाकूनच शिरायचा दिंडी दरवाजा, भिंतीतला अंधारा जिना यांबद्दल गुडघे धरलेल्या आजीला विचारा. आणि गावकुसाबाहेर कोण राहायचं, ते सांगायला नकोच. तंत्र जरूर घ्यावं, पण समावेशकता मुद्दाम आखावी लागते. दीड फूट जोत्याला एकास बारा उतारानं 18 फुटांचा रॅम्प लागतो. पडवीच्या कडेनं तो सहज बसतो, मात्र नकाशा काढतानाच. दाराला 90 सेंटिमीटर मोकळी रुंदीही तेव्हाच धरायची.

बांगलादेशातल्या रुद्रपूरचं ‘आनंदालय’ पाहा. वास्तुरचनाकार आना हेरिंगर यांनी आखलेलं हे घर नव्हे, अपंगांसाठीचं केंद्र. वर शिवणकामाची जागा. माती आणि बांबूच्या या इमारतीला वळसा घालत रॅम्प वरच्या मजल्यावर जातो. कडेला लपवलेला नाही, तोच इमारतीचा चेहरा आहे. हातानं थापलेल्या मातीच्या भिंतीला हवं तसं वळवता येतं, त्यामुळे हे साधलं. 2020मध्ये या इमारतीला वास्तुकलेचा ओबेल पुरस्कार मिळाला.

राहिला स्वस्ताईचा मुद्दा. माती फुकट मिळेलही, मजुरी नाही. शिवाय दरवर्षीचं लिंपण-सारवण पूर्वी घरातल्या बाया बिनमोबदला करायच्या. आता त्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर लिहायला हवा.