स्वस्तात ‘फिक्सी’ घेताय? आधी मागचं चाक बघा

रील्समध्ये दिसणारी ती बारीक टायरची, बिनगिअरची सायकल म्हणजे फिक्स्ड गिअर, लाडात ‘फिक्सी’. साध्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं, म्हणून पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं. फिक्सीला ते नसतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, उतारावरसुद्धा.

आता नशिराबादहून जळगाव किंवा भुसावळ म्हणजे महामार्ग आणि शेजारी ट्रक. तिथे नुसत्या पायांच्या जोरावर सायकल थांबवणं नवख्याचं काम नाही. पुढचा ब्रेक हवाच, रीलमधला पोरगा कितीही ‘ब्रेकलेस’ फिरो.

खरा धोका मात्र जुगाडात आहे. पैसे वाचवायला जुन्या सायकलचं फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम केलं जातं. पण ते हबवर फक्त आट्यांनी बसलेलं असतं. वेग कमी करायला पायांनी उलटा जोर दिला, की ते सुटू शकतं. खऱ्या फिक्स्ड हबवर दातचक्राबाहेर उलट्या आट्यांची लॉकरिंग असते. दुकानात आधी तीच शोधा.

बजेट कमी असेल तर ‘फ्लिप-फ्लॉप’ हब बरा: एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला फिक्स्ड. चाक काढून उलटं बसवायचं, बस्स. सुरुवातीचे काही महिने फ्रीव्हीलवरच काढले तरी काही बिघडत नाही.

दातही मोजा. पुढे ४४, मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेरीत चाक सुमारे २.४४ वेळा फिरतं. ४८ आणि १६ असतील तर ३ वेळा, आणि तो भार गुडघ्यांवर येतो.

आणि हो, बुटाची लेस आत खोचा. चेनमध्ये अडकली तर पाय थांबवून सोडवता येत नाही.