विश्लेषण : कोलोनोस्कोपीपूर्वी नशेच्या गोळ्यांची सवय डॉक्टरांना सांगणे का गरजेचे?

शौचावाटे रक्त जात असेल तर डॉक्टर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, सुचवतात. त्यासाठी आतडे पूर्ण रिकामे लागते. अफू, ट्रॅमाडॉल किंवा कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाची सवय असलेल्यांमध्ये नेमके हेच अवघड होते.

असे का होते?

हे ओपिऑइड गटातील पदार्थ मेंदूप्रमाणेच आतड्यावरही परिणाम करतात. आतड्याची हालचाल मंदावते, मळातील पाणी शोषले जाते आणि खडा धरतो. नशेची शरीराला सवय होते, बद्धकोष्ठता मात्र सहसा कायम राहते. मळ चिकटून राहिला, तर पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकणाऱ्या लहान गाठी नजरेतून सुटू शकतात. मग तपासणी पुन्हा करावी लागते.

तयारीत काय बदलते?

पोट साफ करण्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात मिसळून, शक्यतो दोन भागांत देतात : अर्धी आदल्या संध्याकाळी, अर्धी तपासणीच्या दिवशी पहाटे. बद्धकोष्ठता असल्यास डॉक्टर काही दिवस आधीच रेचक सुरू करू शकतात. त्या काळात ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, शेंगदाण्याची चटणी टाळून मऊ भात खावा. इसबगोल मनाने घेऊ नये. त्याने मळाचा चोथा वाढतो. शेवटी शौचाला पिवळसर, स्वच्छ पाण्यासारखे झाले, तर तयारी नीट झाली असे समजावे.

बीडहून छत्रपती संभाजीनगरला तपासणीसाठी जाणाऱ्यांनी पहाटेच्या डोसची वेळ आधीच विचारून घ्यावी. औषध पिऊन एसटीत बसणे कठीण असते. शक्य असल्यास आदल्या रात्री तिथेच मुक्काम करावा.

सवय अचानक सोडली तर?

तपासणीपुरते बंद करू, असा विचार धोक्याचा आहे. उलट्या, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. त्यात रेचकाची भर पडून शरीरातील पाणी घटते. व्यसनमुक्तीसाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन सुरू असेल, तर तेही मनाने थांबवू नये. तपासणीवेळी गुंगीसाठी अनेकदा फेंटानिल हे ओपिऑइडच वापरले जाते. सवय माहीत नसेल तर त्याच्या मात्रेचा अंदाज चुकू शकतो. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांवर त्याचा परिणामच होत नाही.

घरच्यांसमोर सांगणे जमत नसेल तर?

डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची विनंती करावी. गोळीचे नाव, रोजची संख्या आणि शेवटची कधी घेतली, एवढे सांगावे. व्यसन सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १४४४६ ही राष्ट्रीय निःशुल्क हेल्पलाइन आहे.