खेळणे धांड्याचे, खाऊ घरचा

जालना जिल्ह्यात रब्बी ज्वारी निघाली की कडब्याच्या गंजी लागतात. त्यातले एक धांडे सोलले, की खेळण्याचे सगळे सामान हाती येते: आतला हलका, पांढरा गाभा आणि सालीच्या चिवट काड्या. गाभ्यात काड्या खोचून बैलगाडी होते. पोळ्याला तिला मातीचे बैल जुंपावेत. ही विकतच्या खेळण्याची नक्कल नव्हे. चाक डुगडुगले, तर काडी मधोमध बसली नाही हे मूल स्वतः शोधून काढते; तयार गाडी ती संधी देत नाही. ताराबाई मोदक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरातल्या वस्तूच शिकण्याची साधने झाल्या.

सालीने बोट कापते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून सोलणे मोठ्यांनी करावे, जोडणे मुलावर सोडावे. घरच्या खाऊला वेळ कुठला, असेही म्हटले जाते. पण भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट आणि गूळ यांचा लाडू पाकाशिवाय वळतो, आणि तो वळणे हाही बोटांचा खेळच. मात्र ५ वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकू शकतात.