आग म्हटली की पाणी? प्रत्येक वेळी नव्हे!

वडोदऱ्यानजीक कोयली येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पात ११ नोव्हेंबर २०२४ रोजी बेंझिनच्या साठवण टाकीला स्फोटानंतर आग लागली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. आग विझायला रात्र उलटून गेली. एवढे बंब असताना पाण्याने ती चटकन का विझली नाही? बेंझिन पाण्यापेक्षा हलके असते. पाणी तळाशी जाते आणि जळते द्रव वर तरंगत राहते. अशा आगीवर फेसाचा थर पसरून तिची हवा तोडावी लागते. पाण्याचा मुख्य उपयोग शेजारच्या टाक्या थंड ठेवण्यासाठी होतो.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील मराठी घर असो वा फोंड्यातील, तळणीच्या कढईलाही हाच नियम लागू पडतो. किंबहुना तेथे धोका अधिक. चतुर्थीच्या नेवऱ्या तळताना तेल पेटले आणि घाबरून कुणी तांब्याभर पाणी ओतले, तर ते उकळत्या तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १७०० पट वाढते. ती वाफ जळते तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करावा आणि कढईवर घट्ट बसेल असे धातूचे झाकण बाजूने सरकवावे. कोयलीतील फेसाचे काम येथे झाकण करते. तेल निवेपर्यंत ते उचलू नये आणि पेटती कढई हातात घेऊन अंगणाकडे धावू तर मुळीच नये.

गॅसगळतीबाबतचा गैरसमज याहून घातक आहे. वास आला की एक्झॉस्ट पंखा लावावा, असे अनेक घरांत शिकवले जाते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो आणि पंख्याच्या बटणातील सूक्ष्म ठिणगीही तो पेटवू शकते. बटण सुरू करताना जशी ठिणगी पडते, तशीच ती बंद करतानाही पडते, याचे भान क्वचितच असते. त्यामुळे कोणत्याही बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हे वाक्यही निर्धास्तपणे उच्चारले जाते. एमसीबी प्रवाह मर्यादेबाहेर गेला की खाली पडतो. सैल सॉकेटमध्ये मात्र प्रवाह वाढत नाही, केवळ जोड तापत जातो. एमसीबीच्या दृष्टीने सारे आलबेल असते आणि भिंतीतील प्लास्टिक वितळत असते. काळवंडलेली पिन, हाताला गरम लागणारा प्लग किंवा जळकट वास ही इलेक्ट्रिशियनला बोलावण्याची वेळ होय.

आणि धूर. आग लागली तर वासाने जाग येईलच, असे आपण गृहीत धरतो. पण झोपेत घ्राणेंद्रिय मंदावते आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. हडफडे येथे ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जण दगावले. त्यांतील अनेक जण तळघरात गुदमरले होते. मुंबईत डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल आवारातील आगीत १४ बळी गेले, त्यांतील बरेच जण स्वच्छतागृहात आश्रयाला गेले होते. पाणी असलेली जागा सुरक्षित वाटते खरी, पण तेथे धूर कोंडतो आणि बाहेर पडायला दुसरी वाट नसते. बाहेरची वाट मोकळी असेल तर खाली वाकून, धुराच्या थराखालून, मागचे दार ओढून घेत बाहेर पडावे आणि मगच १०१ लावावा.

आपल्याकडे चोरांच्या धास्तीने खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवल्या जातात आणि मुख्य दाराला रात्री आतून कुलूप लागते. ते कुलूप लागत असेल, तर किल्ली कपाटातल्या डब्यात नको. अंधारात चाचपडून लहान मुलाच्याही हाती लागेल अशा खुंटीवर, दाराशेजारीच ती असावी.