गंजत नाही, पण कुठे?

छपराचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि जिन्याचा स्टेनलेस स्टीलचा कठडा, दोन्ही ‘गंजत नाही’ एवढ्या एका वाक्यावर विकले जातात. वाक्य खोटे नाही, अर्धवट आहे. पत्र्यावर जस्ताचा थर असतो. ओरखडा पडून लोखंड उघडे झाले, तरी भोवतालचे जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. हे संरक्षण रोज थोडे थोडे खर्च होते आणि जस्ताबरोबर संपते. स्टेनलेसची रीत निराळी. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. ऑक्सिजनशी संयोग पावून ते पृष्ठभागावर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार करते. तो खरवडला गेला, तरी हवा मिळताच पुन्हा धरतो.

मात्र या पापुद्र्याचा वैरी मिठातला क्लोराइड. समुद्रावरच्या खाऱ्या हवेत तो जागोजागी पापुद्रा भेदतो. कठड्यावर आधी चहासारखे तपकिरी डाग दिसतात, मग बारीक खड्डे पडतात. घरोघरच्या भांड्यांतले ३०४ या प्रतीचे स्टील नागपुरात वर्षानुवर्षे लखलखीत राहील, पण अलिबागच्या किनाऱ्यावर डागाळेल. तिथे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ घ्यावे लागते. तेही खाऱ्या पाण्यात बुडालेल्या अरुंद फटींमध्ये हार खाऊ शकते. तेव्हा टिकाऊपणा एकट्या धातूचा गुण नसून धातू आणि परिसर यांच्या जोडीचा आहे. आपल्या स्वयंपाकघराला ही जोडी ठाऊक होती. पितळेचे पातेले नुसते वाईट ठरत नसे. त्यात ताक कळकते, म्हणून कल्हई लावायची आणि ती उडाली की पुन्हा करून घ्यायची.

यावर कोणी म्हणेल, गिऱ्हाईक काही धातुशास्त्रज्ञ नाही. पण दागिना घेताना तेच गिऱ्हाईक ‘सोने आहे’ एवढ्यावर थांबत नाही, कॅरेट विचारते. दुसरा आक्षेप दिल्लीतल्या मेहरौलीच्या लोहस्तंभाचा: सुमारे सोळाशे वर्षे तो उघड्यावर उभा आहे, मग काही लोखंड मुळातच गंजत नसेल ना? प्रत्यक्षात तोही गंजला आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने गंजाचाच पातळ, घट्ट थर बसला आणि त्याने पुढची झीज रोखली. दिल्लीच्या बऱ्याचशा कोरड्या हवेचीही त्याला साथ मिळाली. म्हणून ‘गंजत नाही’ ऐकल्यावर कोणत्या हवापाण्यात आणि कशाच्या जोरावर, हे विचारावे आणि स्टीलची प्रत बिलावर लिहून घ्यावी.