बिळातला पाहुणा, चंद्रपूरच्या उन्हात

ताडोब्याच्या आसपास संध्याकाळी गाडीसमोरून एखादा भुरा ससा टुणकन आडवा जातो. मानेमागे काळा पट्टा असलेला हा आपला रानससा, लेपस नायग्रिकॉलिस. त्याला घर नाही. गवतात अंगापुरता खळगा करून दबून बसायचं आणि वाघ-बिबट्याची चाहूल लागली की पळत सुटायचं, एवढाच त्याचा संसार. मुलांच्या हट्टापायी घरी येतो तो पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा मात्र वेगळ्याच कुळातला. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालच्या माळांवरचे. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात, याच्या पेशीत ४४. या दोघांचा संकर होत नाही.

हा फरक जन्मापासूनच दिसतो. रानसशाचं पिल्लू उघड्यावर जन्मतं, पण अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच. पाळीव सशीण साधारण ३१ दिवसांत विते आणि तिची पिल्लं उघडी-नागडी, आंधळी असतात. डोळे उघडायलाच दहाएक दिवस लागतात. इतका दुबळा जीव तगतो तो जमिनीखालच्या बिळाच्या भरवशावर. म्हणून सशासाठी घर मांडायचं म्हणजे खरं तर त्याला बीळ करून द्यायचं: थंड, अंधारं, आणि पळायला दुसरी वाट असलेलं.

चंद्रपुरात यातला पहिला शब्द सर्वांत महाग. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सशाला मात्र ३० अंशांवरच धाप लागू लागते. त्याला घाम जवळजवळ येतच नाही. उष्णता बाहेर टाकण्याचं त्याचं मुख्य यंत्र म्हणजे कान. त्या पातळ कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि रक्त वाऱ्यावर थंड होतं. पण भोवतालची हवाच रक्ताहून गरम असली तर हे यंत्र उलटं चालतं. त्याच्या मूळ मुलखात तो अशा वेळी बिळात शिरतो, कारण जमिनीखाली दुपारचं ऊन पोचत नाही. आपल्याकडे गच्ची, टिनाचं छप्पर आणि पश्चिमेची गॅलरी त्याला वर्ज्यच. घरातली सर्वांत थंड खोली, आडवा ठेवलेला मोठा माठ, त्यावर ओलं गोणपाट आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, हे त्याचं विदर्भातलं बीळ. ससा मलूल पडून धापा टाकू लागला तर कान साध्या पाण्यानं ओले करावेत आणि डॉक्टर गाठावा. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नये.

पिंजरा किती मोठा हवा? सलग तीन उड्या मारता याव्यात आणि मागच्या पायांवर उभं राहिलं तरी कान छताला लागू नयेत, एवढा. तोही फक्त झोपण्यापुरता. दिवसातले काही तास खोलीभर हिंडायला हवंच. जाळीचा तळ नको. सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात, त्यामुळे तारेवर जखमा होतात. खाली वर्तमानपत्र आणि वर धानाचं तणस पुरतं, आणि आपल्या धानाच्या मुलखात तणसाला तोटा नाही. ससा मुतायला बहुधा एकच कोपरा धरतो. तिथे पसरट भांडं ठेवलं की निम्मी साफसफाई वाचते.

त्याचे पुढचे दात वर्षाला दहा-बारा सेंटीमीटर वाढतात, आयुष्यभर. ते झिजवतं गवत. म्हणून आहाराचा मोठा भाग वाळलेलं गवत, जोडीला हरळी, कोथिंबीर. गाजर गोड असतं, ते चवीपुरतंच. कांदा-लसूण नकोच. बुरडाकडची बांबूची टोपली दिली तर आधी तो तिच्यात लपेल आणि मग तीच कुरतडेल. दोन्ही कामं त्याच्या हिताचीच.

सर्वांत अचंबा त्याच्या पोटाचा. गवत एका फेरीत पचत नाही. आंधळ्या आतड्यात जंतू ते आंबवतात, त्याच्या मऊ, ओलसर गोळ्या बनतात आणि ससा त्या थेट गुदद्वारातूनच तोंडात घेतो. गाय पोटातला घास पुन्हा तोंडात आणून रवंथ करते. सशाचं असं वळसा घालून. ही घाण नव्हे, जीवनसत्त्वांचा खुराक आहे. ससा दिवसभर काही खात नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील तर उद्यावर ढकलू नये. त्याला ओकता येत नाही आणि थांबलेलं आतडं जीव घेतं.

रात्री पिंजरा घरातच हवा. मांजर, साप आणि जंगलालगतच्या वस्त्यांत बिबट्याही येतो. जाळी तुटली नाही तरी नुसत्या धसक्यानं ससा मरू शकतो.

आणि एक विनंती. मोहफुलं वेचताना किंवा तेंदूपत्ता तोडताना गवतात एकटं पिल्लू दिसलं, तर त्याला पोरकं समजून घरी आणू नका. शिकाऱ्याला माग लागू नये म्हणून आई मुद्दाम दूर राहते आणि अंधार पडल्यावर दूध पाजायला येते. रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, त्याला पाळणं गुन्हा आहे. घर द्यायचंच असेल, तर ते बिळातल्या पाहुण्याला द्या.